घरी बांधलेली इलेक्ट्रिक रेसर: १२६ वरून १५० ला कसं जायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
मुक्काम सांगली. आधी गाडीचं माप देतो, म्हणजे प्रश्न हवेत राहणार नाही.

फ्रेम यामाहा आर१५ ची, मागचं टायर १४०/७०-१७. मोटर ४ किलोवॅट रेटेड (सतत झेपणारी ताकद), मिड-ड्राइव्ह (चाकात नाही, फ्रेममध्ये बसणारी), स्टँडवर बिनलोड ७२ व्होल्टला ५,४०० आरपीएम. पॅक २०एस १२पी, म्हणजे २० गट सिरीजमध्ये आणि प्रत्येक गटात १२ सेल समांतर; सेल मोलिसेल कंपनीचे लिथियम-आयन पी४२ए. कंट्रोलरचा, म्हणजे पॅकची वीज मोटरला मोजून देणाऱ्या डब्याचा, बॅटरी करंट २०० अँपिअरला बांधलेला. चेन ४२८, पुढे १४ दात, मागे ४९. चालवणाऱ्यासकट वजन २०० किलो. फेअरिंग नाही.

जीपीएसवर, दोन्ही दिशांची सरासरी: फुल्ल चार्जला १३४, अर्ध्या चार्जला १२६. शंभर आणि एकशेवीस हे टप्पे झाले. पुढचा १५०, त्यानंतर १६१, म्हणजे ताशी १०० मैल.

माझं मत असं की मागचं स्प्रॉकेट ४९ चं ४२ केलं की काम होईल. खर्च कमी, वेळ अर्धा तास. चुकत असेन तर सांगा.

नवा_गडी
बरोबर आहे. मागं दात कमी, वेग जास्त. विषय संपला.

टॉर्कबुवा
विषय आत्ता सुरू झालाय. कृष्णाकाठ, टॉप स्पीडला कंट्रोलरच्या लॉगमध्ये तीन आकडे काय दिसतात तेवढं टाका: बॅटरी करंट, लोडखालचे व्होल्ट, मोटरचे आरपीएम. त्याशिवाय स्प्रॉकेट, मोटर, पॅक कशालाही हात लावू नका.

हळदीचा_सौदा
डॉक्टरांनी रिपोर्ट मागवले. आता एमआरआय पण सांगतील.

कृष्णाकाठ
अर्ध्या चार्जचा लॉग: साधारण ८० च्या पुढे करंट २०० वर सपाट, शेवटपर्यंत हलत नाही. व्होल्ट ६५.६. मोटर ३,७७० आरपीएम. मोटरचं तापमान रन संपताना ७८.

टॉर्कबुवा
मग उत्तर लॉगमध्येच आहे. करंट मर्यादेला चिकटलेला असेल तर गाडी पॉवरला कमी पडते. करंट मर्यादेखाली घसरायला लागला आणि वेग वाढायचा थांबला, तर गाडी आरपीएमला, म्हणजे व्होल्टेजला कमी पडते. तुमची पहिली गत आहे.

पडताळा घ्या. बिनलोड ५,४०० भागिले ७२, म्हणजे व्होल्टला ७५ आरपीएम. ६५.६ व्होल्टला मोटर बिनलोड ४,९२० पर्यंत जाऊ शकते. तुम्ही ३,७७० वर, म्हणजे ७७ टक्क्यांवर. वर जागा आहे, पण ढकलायला ताकद नाही. ४२ चं स्प्रॉकेट घातलंत तर वेग १२६ च राहील, मोटर कमी आरपीएमला जास्त फेज करंट (कंट्रोलरकडून मोटरकडे जाणारा) खाईल, जास्त तापेल, आणि पिकअप १४ टक्क्यांनी मरेल.

टॉप स्पीडला मोटर त्या वेळच्या बिनलोड आरपीएमच्या ८० टक्क्यांच्या आसपास असावी, असा ठोकताळा धरा. ७० च्या खाली असाल तर गिअरिंग लांब आहे, मागे दात वाढवा. ८५ च्या वर गेलात तर आखूड, दात कमी करा.

नवा_गडी
दंडवत. माझा प्रतिसाद मागे घेतो. पल्सरला चाललं होतं हो.

वाऱ्याचा_हिशोब
आता ती ताकद जाते कुठे ते बघू. ६५.६ गुणिले २०० म्हणजे १३.१ किलोवॅट पॅकमधून. मोटर, कंट्रोलर, चेन मिळून ८५ टक्के धरले तर चाकावर ११.१. टायरची घासण २०० किलोला साधारण ३० न्यूटन, १२६ ला ती एक किलोवॅट खाते. उरलेले दहा किलोवॅट निव्वळ हवेत जातात. त्यावरून उलटं गणित केलं तर सीडीए, म्हणजे ड्रॅग गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ, ०.४५ चौरस मीटर येतो. उघड्या गाडीवर नीट न झोपता बसलं की एवढाच येतो.

हवेला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. याच ०.४५ वर पॅकमधून लागणारी पॉवर: १०० ला ६.९ किलोवॅट, १२० ला ११.४, १५० ला २१.५, १६१ ला २६.३. शंभर ते एकशेवीस साडेचार किलोवॅटमध्ये झालं. एकशेवीस ते दीडशेला दहा लागतात. टप्पे कागदावर सारखे दिसतात, पण पुढच्या प्रत्येकाची किंमत वेगळी.

हेच १५० सीडीए ०.४० वर आणलं, म्हणजे हनुवटी टाकीला आणि कोपरं गुडघ्यांच्या आत, तर १९.३ किलोवॅटमध्ये होतं. नीट फेअरिंग आणि सीटमागे शेपटीसारखा कूबड करून ०.३३ गाठलं तर १६.२. तुमच्या पॅकवर अर्ध्या चार्जला हा फरक ३५५ विरुद्ध २५४ अँपिअरचा आहे. शंभर अँपिअर फायबरग्लासने वाचतात, तेही न तापता.

कंदीपेढा
सातारकरांचा एक मुद्दा: आमच्याकडे उंची जास्त, हवा पातळ. सांगलीकरांनी रेकॉर्डला साताऱ्याला यावं.

हळदीचा_सौदा
सातारकरांची हवा पातळच असते. आमच्याकडे हवा झाली की जिल्हाभर होते.

वाऱ्याचा_हिशोब
चेष्टा बाजूला, मुद्दा खरा आहे, पण फरक किरकोळ. दुपारी ३५ अंशाला साताऱ्यात हवेची घनता साधारण १.०५ किलो प्रति घनमीटर, सांगलीत १.०७. मुंबईला त्याच तापमानाला १.१५ च्या आसपास. वरचे सगळे आकडे मी १.०५ ने काढलेत. वेळेचा फरक यापेक्षा मोठा: जानेवारीच्या पहाटे १५ अंशाला साताऱ्याचीच हवा १.१२ होते, म्हणजे सात टक्के जास्त ड्रॅग. पेट्रोलवाले थंड हवा शोधतात कारण इंजिनला ऑक्सिजन हवा. आपल्या मोटरला श्वास घ्यायचा नसतो. आपल्याला गरम, पातळ, न हलणारी हवा हवी. फक्त दुपारी वारा सुटतो, म्हणून सकाळी दहा-अकराचा सुमार बरा.

आणि सीडीए अंदाजाने धरू नका, मोजा. सपाट जागेवर थ्रॉटल सोडून ८० वरून ७० ला यायला किती सेकंद आणि ४० वरून ३० ला यायला किती, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा. रीजेन, म्हणजे मोटरने ब्रेक लावून पॅक चार्ज करणं, पूर्ण बंद. टायरची घासण जवळजवळ कायम राहते, हवेची वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून दोन मोजणीत दोन्ही सुटतात. २०० किलो आणि सीडीए ०.४० ला ८० ते ७० साधारण साडेचार सेकंद आणि ४० ते ३० सव्वाअकरा सेकंद यायला हवेत. प्रत्यक्षात मोटरच्या चुंबकांची ओढ मिळून थोडे कमी येतील. ४० ते ३० फारच लवकर झालं, तर हवेला दोष देऊ नका, ब्रेक पॅड घासतायत का ते बघा.

चेनढिली
+१. डिस्कला पॅड चिकटून राहणं हे घरगुती गाड्यांचं नेहमीचं दुखणं. कॅलिपर दुसऱ्या गाडीचा, मास्टर सिलिंडर तिसऱ्याच गाडीचा, मग पिस्टन परत येत नाही. मागचं चाक हाताने फिरवून सोडलं की चेन काढलेली असताना चार-पाच फेरे तरी फिरलं पाहिजे.

नवा_गडी
फेअरिंग विकतचं बसेल का? आर१५ चंच.

वाऱ्याचा_हिशोब
बसतं, पण ते रेडिएटरला हवा देण्यासाठी भोकं ठेवून बनवलेलं असतं. ती भोकं आतून बंद करा. पोटाखाली पॅन लावा. काच अशी हवी की झोपल्यावर हेल्मेटचा वरचा कड आणि काचेचा कड एका रेषेत येतील. पहिल्यांदा ३ मिमी फोमशीट आणि डक्ट टेपने आकार करून वरची चाचणी घ्या, सेकंद वाढले तरच फायबर ओता. बाजू पूर्ण बंद करताना पुढच्या चाकावर ताट झाकल्यासारखं आवरण नको, बाजूच्या वाऱ्यात हँडल ओढतं.

बेदाणा_एक्सपोर्ट
एवढा खटाटोप कशाला? ई-रिक्षाची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी स्वस्तात मिळते, दोन जोडा. आग पण लागत नाही.

ओहमताई
बेदाणा, एलएफपी सुरक्षित आहे हे खरं, पण एकतर "आग लागत नाही" नव्हे, उशिरा लागते. दुसरं, रिक्षाचे सेल एक सी च्या (१०० अँपिअरअवरच्या सेलमधून १०० अँपिअर) आसपास चालवायला बनवलेले असतात. १०० अँपिअरअवरच्या सेलमधून ३०० अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) कट करतं आणि गाडी हायवेवर बैलगाडी होते. वजनही बघा: १०० एएचचा एक सेल दोन किलोच्या घरात, २४ सेल म्हणजे ४८ किलो. कृष्णाकाठ यांच्या पॅकचे २४० सेल मिळून १७ किलोही नाहीत.

त्यांचा पॅक ठीक आहे, बदलायची गरज नाही. पी४२ए ला ४५ अँपिअरची मर्यादा आहे, १२ समांतर आहेत. ३०० अँपिअरला प्रत्येक सेलवर २५ येतात. सेलला काही होत नाही. दुखणी त्याच्या आजूबाजूला असतात, ती सांगते.

पट्ट्या. ०.१५ बाय ८ मिमीची निकेल पट्टी २५ अँपिअरला तापते. सिरीजच्या दिशेने ०.२ मिमी तांब्याची पट्टी आणि तिच्यावर वेल्ड धरायला पातळ निकेल-प्लेटेड स्टील, असं सँडविच करा. बाजारात शुद्ध निकेल म्हणून स्टील खपवतात. लोहचुंबक दोघांनाही धरतो, त्यामुळे ती परीक्षा खोटी. पट्टी खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. गंजली तर स्टील.

जोड. ३०० अँपिअरला एक मिलिओहमचा जोड म्हणजे ९० वॅट उष्णता, सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. केबल ३५ चौरस मिमी असो की ५०, पंचवीस सेकंदांच्या रनला केबल मार खात नाही, लग (केबलच्या टोकाला चेपलेला धातूचा डोळा) मार खातो. हातोडीने चेपलेला लग चालत नाही, हायड्रॉलिक क्रिंपरच हवा. तपासायचं सोपं: रन संपला की लगेच प्रत्येक जोडाला इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. एखादा शेजारच्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर तो उघडा. चकचकीत तांब्यावर मोजू नका, आकडा कमी दाखवतो. काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

सेलचं वरचं टोक. पॉझिटिव्हच्या कडेलाच निगेटिव्हचं भांडं असतं, मध्ये फक्त प्लास्टिकचं आवरण. थरथरीने पट्टीची कड ते कापते आणि शॉर्ट. प्रत्येक सेलवर बार्ली पेपरची (इन्सुलेशनचा जाड कागद) चकती, गटांमध्ये एफआर४ ची (फायबरग्लासची) शीट, पट्टीचे कोपरे गोल. हे वगळलेला पॅक घरात चार्ज करू नका.

फेजवायर
ताई, बीएमएसबद्दल लिहाच. त्याच्यावरूनच निम्मे कंट्रोलर उडतात.

ओहमताई
लिहिते. बाजारातलं बीएमएस डिस्चार्ज स्वतःच्या मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडतं. रस्त्यावरच्या स्कूटरला ठीक. रेसिंग गाडीत १४० च्या वेगाला एका गटाचं व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की ते पूर्ण पॅक तोडतं. दोन वाईट गोष्टी होतात: चालवणारा बेसावध असताना ताकद जाते, आणि फील्ड वीकनिंग (मोटर नेहमीच्या आरपीएमच्या पुढे पळवायची कंट्रोलरची सोय) चालू असेल तर मोटरचं व्होल्टेज थेट कंट्रोलरच्या कपॅसिटरवर चढतं.

म्हणून बीएमएसला फक्त चार्जिंग, बॅलन्सिंग आणि इशारा एवढंच काम द्या. डिस्चार्जच्या रस्त्यात एक डीसी काँटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा रिले) आणि एक डीसी रेटेड फ्यूज. फ्यूजवर किमान १२५ व्होल्ट डीसी लिहिलेलं हवं. घरातला एसी एमसीबी इथे टाकू नका, डीसीचा आर्क (ठिणगीचा झोत) तो विझवू शकत नाही. सेलचं रक्षण कंट्रोलरच्या अंडरव्होल्टेज मर्यादेने करा: ६० व्होल्टपासून करंट हळूहळू कमी, ५६ ला बंद.

काँटॅक्टरआधी प्रीचार्ज, म्हणजे कपॅसिटर आधी हळू भरून घेणं. १०० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर आणि एक वेगळा स्विच. कंट्रोलरचे कपॅसिटर साधारण ५ मिलिफॅरड धरले तर अडीच-तीन सेकंदांत भरतात. न भरता थेट काँटॅक्टर मारला की ठिणगीने त्याचे संपर्क वितळून चिकटतात, आणि मग तातडीच्या वेळी किल स्विच ओढला तरी वीज तुटत नाही. महिन्यातून एकदा काँटॅक्टर बंद करून पलीकडे खरंच शून्य येतं का, मीटरने बघा. कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्या.

हळदीचा_सौदा
ताईंचा प्रतिसाद छापून कुपवाड एमआयडीसीत वाटला पाहिजे.

नवा_गडी
फील्ड वीकनिंगने फुकटात आरपीएम वाढतात असं व्हिडिओत दाखवतात. मग स्प्रॉकेट, व्होल्ट कशालाच हात नको?

टॉर्कबुवा
फुकट नाही राव. मोटर फिरते तसं तिचं स्वतःचं व्होल्टेज तयार होतं, ते पॅकच्या व्होल्टेजला भिडलं की पुढे करंट ढकलता येत नाही. फील्ड वीकनिंगमध्ये कंट्रोलर काही करंट चुंबकांच्या विरुद्ध खर्च करून ते व्होल्टेज दाबून ठेवतो. हा करंट ताकद देत नाही, फक्त तापवतो.

धोका पुढे आहे. त्या वेगाला कंट्रोलर बंद पडला, की दाबलेलं व्होल्टेज मोकळं होतं. ते पॅकपेक्षा जास्त असेल तर मोटर आपोआप पॅक चार्ज करायला लागते, म्हणजे मागच्या चाकाला न मागता ब्रेक लागतो. त्याच वेळी पॅक तुटलेला असेल, तर १०० व्होल्टचे मॉसफेट असलेला कंट्रोलर फटाक्यासारखा वाजतो. फुल्ल चार्जला ८४ व्होल्ट, म्हणजे वर फक्त सोळाची जागा. माझं मत: टप्प्याच्या रनला दहा टक्क्यांपर्यंत ठीक. त्यापुढे वेग हवा असेल तर गिअरिंग किंवा व्होल्ट.

फेजवायर
मग सरळ २८एस का नाही? ११७ व्होल्ट, करंट कमी, केबल पातळ, सगळे प्रश्न एका दगडात.

ओहमताई
कारण दगड आपल्याच डोक्यात पडतो. ६० व्होल्टच्या वर डीसी शरीराला धोकादायक धरतात. ८४ ला सुद्धा हातमोजे, इन्सुलेटेड पाने, अंगठी-कडं काढून काम करायचं असतं. ११७ ला कंट्रोलर, चार्जर, काँटॅक्टर, डीसी-डीसी सगळं नवीन, आणि १२पी चं ८पी झालं तर सेलवरचा भार कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. पॉवर शेवटी सेलच्या संख्येवर ठरते.

फेजवायर
सेलवरचा नाही, पण मोटरची आरपीएमची जागा वाढते की. १६१ च्या पुढे जायचं असेल तर २०एस पुरणार नाही.

टॉर्कबुवा
१६१ च्या पुढे फेजवायर बरोबर. १५० साठी ताई बरोबर. धागा १५० चा आहे.

कंदीपेढा
अवांतर: साताऱ्यात एकेकाळी महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत होती. आज असती तर हबमोटर बसवून धाग्यात आणली असती.

घाटमाथा
अवांतरात भर, पण कामाची. इलेक्ट्रिक रेसिंगच्या सुरुवातीच्या मोठ्या शर्यतीत आपल्या देशाचं नाव आहे. २००९ मध्ये आइल ऑफ मॅनला टीटीएक्सजीपी झाली. ६०.७ किलोमीटरचा एक फेरा, तोही सार्वजनिक रस्त्यांवर. जिंकली टीम अग्नी, स्वार रॉब बार्बर, सरासरी ८७.४३४ मैल, म्हणजे ताशी साधारण १४१ किलोमीटर. मोटरी अग्नीच्या, गुजरातमध्ये तयार होणाऱ्या, मूळ रचना सेड्रिक लिंच यांची. ब्रशवाली डीसी मोटर! त्याच रस्त्यावर १०० मैलांची सरासरी ओलांडायला २०१२ उजाडलं, मायकेल रटर, मोटोसिझ गाडीवर १०४ मैल. कारखान्यांच्या संघांनाही सोळा-सतरा मैल वाढवायला तीन वर्षं लागली.

आता मूळ मुद्दा, जो कोणीच काढला नाही. ही गाडी चालवणार कुठे?

बेदाणा_एक्सपोर्ट
पहाटे पाचला हायवेचा बायपास मोकळा असतो की.

घाटमाथा
मोकळा नसतो, दिसतो. ऊस भरलेली ट्रॉली बिनदिव्याची उभी असते. आणि कायदा स्पष्ट आहे. पेट्रोल गाडीची इलेक्ट्रिक करायची तर मान्यताप्राप्त किटच हवं आणि आरटीओकडे नोंद हवी. घरी जुळवलेल्या पॅकची गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, रस्त्यावर वेग लावणं कलम १८९ मध्ये. अपघात झाला तर विमा कंपनी फोनही उचलणार नाही. ही गाडी टेम्पोत घालून न्यायची वस्तू आहे.

कराडची धावपट्टी, कवलापूरची जुनी धावपट्टी ही नावं दर वेळी निघतात. लेखी परवानगीशिवाय दोन्हीकडे जाऊ नका, आणि मिळाली तरी आधी पूर्ण लांबी पायी चालून दगड, भेगा, तार बघा. जवळचा पर्याय म्हणजे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी ड्रॅग स्पर्धा. घरगुती इलेक्ट्रिक गाडीला तपासणीत काय लागतं ते आयोजकांना आधी लेखी विचारा. खऱ्या टॉप स्पीडसाठी इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, पण ते भाडं टप्प्याच्या आनंदापेक्षा जास्त होईल.

कृष्णाकाठ
टेम्पो आहे. समजा एक किलोमीटरची पट्टी मिळाली. १५० बसेल का त्यात?

वाऱ्याचा_हिशोब
हा प्रश्न आधी यायला हवा होता, कारण इथेच लोक फसतात. १५० ला जेवढी पॉवर लागते बरोबर तेवढीच गाडीत असेल, तर १५० कधीच येत नाही. शेवटचे दहा किलोमीटर ताशी संपता संपत नाहीत. जास्तीची पॉवर लागते ती पट्टी आखूड असते म्हणून.

२०० किलो, सीडीए ०.३३ धरून: चाकावर १५ किलोवॅट असतील तर शून्यापासून १५० ला साधारण ९०० मीटर लागतात. १८ असतील तर ५०० च्या आसपास. तीन किलोवॅटने जवळजवळ चारशे मीटर वाचतात. सीडीए ०.४० वर राहिलात तर त्याच १८ ला सव्वासातशे.

थांबायला १५० वरून कोरड्या चांगल्या डांबरावर १५० मीटर धरा, आणि ते आहे त्याच्या दुप्पट मोकळं ठेवा. एक किलोमीटरमध्ये १८ किलोवॅट आणि फेअरिंग बसतं. फेअरिंगशिवाय बसत नाही.

चेनढिली
आणि थांबण्याआधी टायर बघा. टायरवर आकाराच्या शेवटी अक्षर असतं: पी म्हणजे १५०, एस १८०, एच २१०. साध्या प्रवासी बाइकच्या टायरवर पी सर्रास असतं. १५० च्या टप्प्याला पी म्हणजे काठावर बसून पोहणं. एच घ्या, आणि बनल्याची तारीख बघा, चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाच वर्षांच्या पुढचं नको.

चेन ४२८ चालेल, पण ओ-रिंगवाली आणि हेवी ड्युटी. मोटरची ताकद पहिल्या आरपीएमपासून येते, क्लच नाही, गचका थेट चेनला. थ्रॉटलचा रॅम्प कंट्रोलरमध्ये मऊ ठेवा. पुढचं स्प्रॉकेट १४ पेक्षा कमी दातांचं घेऊ नका, चेन जास्त वाकते आणि थरथरते. चेनची ढील स्वार बसलेला असताना मोजा, स्टँडवर नाही. स्विंगआर्म, मोटरचा शाफ्ट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात ताणते. तिथे २० मिमी खेळ पाहिजे. बाकी कुठे कितीही दिसू दे.

आणखी एक. मागच्या स्प्रॉकेटखाली, चेन आत शिरते तिथे, १० मिमी नायलॉनचा माशाच्या परासारखा गार्ड लावा. बोटं जाण्यापासून वाचतात.

कृष्णाकाठ
मग क्रम असा समजतो: आधी सीडीए, मग कंट्रोलर ३०० अँपिअर, स्प्रॉकेट नंतर. मोटरचं काय? ४ किलोवॅटच्या मोटरमध्ये २१ घालायचे?

टॉर्कबुवा
चाकावर १८ म्हणजे पॅकमधून २१. फुल्ल चार्जला ते २८५ अँपिअरमध्ये मिळतात, अर्ध्या चार्जला ३४५ लागतात. म्हणून टप्प्याचा रन नेहमी फुल्ल चार्जला. एका रनला जेमतेम ०.१५ युनिट जातं, पॅक ३.६ चा आहे. दोन्ही दिशांचे दोन रन चार्ज न उतरता होतात.

मोटर रेटेडच्या चौपट-पाचपट चालेल, पण सेकंदांत. तिच्यात तांबं समजा दोन किलो. तांब्यातच दीड किलोवॅट जळत असेल तर दर सेकंदाला दोन अंश चढतात. वीस सेकंदांच्या रनला चाळीस अंश. ४५ ला सुरू केलीत तर ८५ ला संपेल. ७० ला सुरू केलीत तर ११० च्या पुढे, आणि सेन्सर उशिरा सांगतो. १२० ला करंट निम्मा करा, १३० ला बंद. दोन रनमध्ये पंखा लावून बसा, पाणी ओतू नका. फेज करंट ५० च्या टप्प्याने वाढवा. वाढवूनही वेग वाढत नसेल आणि तापमान वाढत असेल तर मोटरचं लोखंड भरलं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, तिथून मागे या.

स्प्रॉकेट आता सांगतो. फुल्ल चार्जला ३०० अँपिअर ओढताना व्होल्ट साधारण ७४, बिनलोड ५,५५०. १५० ला १४/४९ वर मोटर ४,४९० ला फिरते, म्हणजे ८१ टक्के. बदलू नका. १६१ ला ४,८२० होते, ८७ टक्के. तेव्हा ४५ दात घाला, ४,४३० ला येईल.

नवा_गडी
म्हणजे स्प्रॉकेट बदलायचंच आहे. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

हळदीचा_सौदा
बंद पडलेलं घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर असतं, गड्या.

ओहमताई
कृष्णाकाठ, २०० चे ३०० करायच्या आधी फ्यूजचा नंबर बघा. बहुतेक २५० चा असेल. तो रनच्या मध्ये जाईल, आणि मग सगळे मोटर उघडून बसतील.

कृष्णाकाठ
२५० चाच आहे ताई. ४५ दातांचं स्प्रॉकेट ४२८ ला तयार मिळत नाहीये, कुपवाडला लेझर कटिंगवाले करून देतील का? मटेरियल काय सांगू?

चेनढिली
ईएन८ स्टील, जाडी चेनच्या आतल्या रुंदीपेक्षा थोडी कमी, ४२८ ला ७ मिमीच्या आसपास. दाताचा आकार नेटवरून काढलेला देऊ नका, जुनं चांगलं ४२८ स्प्रॉकेट नमुना म्हणून द्या. कापल्यावर दातांना दोन्ही बाजूंनी उतार मारायला सांगा, नाहीतर चेन बाजूच्या पट्ट्यांवर चढते. दात इंडक्शनने कडक करून घ्या. आणि बोल्टची भोकं लेझरने अर्धा मिमी लहान कापून नंतर ड्रिल करा. लेझरच्या भोकाला तिरका कड राहतो, बोल्ट नीट बसत नाही.